चार संख्यांचा पत्ता

चेन्नईच्या जुन्या वस्त्यांतून हिंडणाऱ्या परक्या माणसाला घरांच्या दारांवर एक विलक्षण गोष्ट आढळते. एकाच दारावर दोन क्रमांक लिहिलेले असतात. एक जुना आणि एक नवा. महानगरपालिकेने रस्त्यांवरील घरांना नवे क्रमांक दिले, परंतु जुने क्रमांक लोकांच्या तोंडून आणि कागदपत्रांतून गेले नाहीत. त्यामुळे दुकानाच्या पाटीवर, लग्नपत्रिकेवर आणि पाकिटावर दोन्ही क्रमांक लिहिण्याची रीत पडली. एका घराचा जुना क्रमांक हाच त्या रस्त्यावरील दुसऱ्या घराचा नवा क्रमांक असण्याचाही संभव असतो. तरीही पत्र सहसा योग्य घरी पोहोचते. पोस्टमन माणूस असतो. तो नाव पाहतो, घर ओळखतो, शेजाऱ्याला विचारतो आणि लिहिणाऱ्याची चूक स्वतःच्या मनात दुरुस्त करून घेतो.

संगणकांच्या जाळ्यात असा समजूतदार पोस्टमन नाही. तेथे पत्त्यातील एक संख्या चुकली की निरोप पोहोचत नाही, आणि चूक कोठे झाली हे सांगायलाही सहसा कोणी येत नाही. पडद्यावर एवढेच दिसते की पान उघडत नाही. माणसे म्हणतात, "नेट गेले." वास्तविक पुष्कळदा नेट जागेवरच असते, आपल्या यंत्राचा पत्ता चुकलेला असतो.

एक प्रसंग डोळ्यांपुढे आणू. चेन्नईच्या सौकारपेठेत सोन्याचांदीचे व्यवहार चालतात. सांगली जिल्ह्यातील खानापूर, आटपाडी या भागांतील अनेक कुटुंबे सोने-चांदी गाळण्याच्या, म्हणजे गलाईच्या व्यवसायासाठी देशभर पसरली आहेत. समजा, अशाच एका कुटुंबातील मुलगी गाव सोडताना शाळेला मुकली आणि आता मुक्त विद्यालयाच्या परीक्षेला बसू इच्छिते. परीक्षेचा अर्ज भरण्याचा शेवटचा दिवस आहे. ती घराजवळच्या संगणक-झेरॉक्सच्या दुकानात येते. दुकानात सहा संगणक आहेत. पाच चालू आहेत आणि पाचांवर गिऱ्हाइके बसलेली आहेत. सहाव्याला छपाईयंत्र आणि स्कॅनर जोडलेले आहेत, म्हणून तिचे छायाचित्र व सही त्याच संगणकावर घेतली जाते. त्यानंतर अर्जाचे पान उघडायचे, तर ते उघडत नाही.

"अण्णा, हे नुसतंच फिरतंय," ती म्हणते.

दुकानदार सेवा देणाऱ्या कंपनीला दूरध्वनी करतो. उत्तर मिळते, तुमची लाइन व्यवस्थित आहे. दुकानदाराचा त्यावर विश्वास बसत नाही. परंतु या उत्तरातील सत्य त्याच्याच दुकानात त्याच्या डोळ्यांपुढे होते. उरलेले पाच संगणक चालू होते, तेव्हा लाइन बंद असणे शक्य नव्हते. दोष सहाव्या संगणकात किंवा त्याला भिंतीशी जोडणाऱ्या तारेत असला पाहिजे. बिघाड शोधण्याच्या कामी हा पहिला प्रश्न सर्वांत मोलाचा आहे. बंद पडले आहे ते एकट्याचे, की सर्वांचे? ज्याने हा प्रश्न विचारला नाही, त्याचा निम्मा दिवस भलतीकडे जातो.

पुढचे समजण्यासाठी संगणकाचा पत्ता म्हणजे काय, ते पाहिले पाहिजे. पत्त्यावाचून पत्र जात नाही, हे आपल्या देशाला पिनकोडने चांगले शिकवले आहे. एकाच नावाची अनेक गावे, अनेक भाषा, अनेक लिप्या आणि अपुरे पत्ते यांतून मार्ग काढण्यासाठी टपाल खात्याने १५ ऑगस्ट १९७२ रोजी सहा अंकी पिनकोड सुरू केला. त्याची योजना श्रीराम भिकाजी वेलणकर यांची. ते टपाल खात्यातील वरिष्ठ अधिकारी तर होतेच, शिवाय संस्कृतचे पंडित आणि नाटककारही होते. पिनकोडची रचना अशी की, पहिले तीन अंक मिळून टपाल कोणत्या जिल्ह्याकडे वळवायचे ते सांगतात आणि शेवटचे तीन अंक त्यातील विशिष्ट टपाल कार्यालय दाखवतात. ६००००४ म्हणजे चेन्नईतील मैलापूर, ६०००१७ म्हणजे त्यागराय नगर. दोन्हींच्या प्रारंभी ६०० आहे, म्हणून टपाल वेगळे करणारा कारकून एका दृष्टिक्षेपात जाणतो की, ही दोन्ही पत्रे एकाच शहरातली आहेत. त्यांना गाडीत घालून बाहेर पाठवायचे नाही.

संगणकाच्या पत्त्याला आयपी पत्ता म्हणतात आणि त्याची घडण पुष्कळशी अशीच असते. त्यात बिंदूंनी विभागलेल्या चार संख्या असतात; उदाहरणार्थ, १९२.१६८.१.४. (यंत्रात टंकलिखित करताना त्या इंग्रजी अंकांतच भराव्या लागतात.) प्रत्येक संख्या ० ते २५५ यांच्या दरम्यान असते. पत्त्याचा पुढचा भाग जाळे दाखवतो, मागचा भाग त्या जाळ्यातील एक यंत्र दाखवतो. पिनकोडमध्ये पहिले तीन अंक जिल्ह्याचे हे कायमचे ठरलेले आहे. आयपी पत्त्यात मात्र जाळ्याचा भाग कोठे संपतो हे प्रत्येक ठिकाणी वेगळे असू शकते, म्हणून ते वेगळे सांगावे लागते. हे काम सबनेट मास्क करतो. २५५.२५५.२५५.० या मास्कचा अर्थ, पहिल्या तीन संख्या पेठेच्या आणि शेवटची घराची.

आता संगणक काय करतो ते पाहण्यासारखे आहे. निरोप पाठवण्यापूर्वी तो आपला पत्ता आणि समोरच्याचा पत्ता मास्कच्या आधारे ताडून पाहतो. पेठ एकच असेल, तर तो गल्लीत हाक मारतो आणि निरोप थेट देतो. पेठ वेगळी असेल, तर तो निरोप वेशीवर नेऊन ठेवतो. या वेशीला गेटवे म्हणतात. घरात किंवा दुकानात राऊटर नावाची जी लहानशी पेटी असते, तीच बहुधा वेस असते. पुढचा प्रवास तिच्यामार्फत होतो. चौथी गोष्ट नावांची. माणसे संकेतस्थळांची नावे लक्षात ठेवतात, यंत्रांना संख्या लागतात. नावावरून संख्या सांगणारी जी व्यवस्था पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३ मध्ये मांडली, तिला डीएनएस म्हणतात. आपल्या संगणकाने हे नाव कोणाला विचारावे, त्याचा पत्ताही सेटिंगमध्ये लिहिलेला असतो.

पत्ता, मास्क, वेस आणि नाव सांगणारा, अशा या चार नोंदी आहेत. जोडणीच्या बिघाडांपैकी बरेचसे या चारांतील एखादी चुकल्याने होतात आणि प्रत्येक चुकीचे लक्षण निराळे असते. मास्कची चूक यांत सर्वांत फसवी. मास्क हवा त्यापेक्षा मोठी पेठ दाखवू लागला, तर दूरचे यंत्रही संगणकाला शेजारी वाटते. मग तो वेशीकडे न जाता गल्लीतच हाका मारत राहतो आणि ओ कोणी देत नाही. अशा वेळी बाहेरची संकेतस्थळे उत्तम उघडतात; फक्त वरच्या मजल्यावरील कचेरीचा संगणक सापडत नाही. अर्धवट चालणारे जाळे पूर्ण बंद पडलेल्या जाळ्यापेक्षा अधिक गोंधळात टाकते.

ही पद्धत सर्व जगाने एकदम स्वीकारली असे नाही. अमेरिकेतील अर्पानेट हे जाळे १ जानेवारी १९८३ रोजी तिच्यावर आले. भारतात १९८६ मध्ये एर्नेट हा शैक्षणिक व संशोधन संस्थांचा प्रकल्प सुरू झाला. मद्रासची आयआयटी त्यात होती, मुंबईचे राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्रही होते. प्रारंभी तेथे दोन वेगवेगळ्या पद्धती चालत. पुढे हीच टिकली. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले, तेव्हा पहिल्या शहरांत मद्रास होते. चेन्नई हे नाव अधिकृतपणे १९९६ मध्ये आले.

चार संख्यांनी जास्तीत जास्त ४,२९,४९,६७,२९६ पत्ते बनतात. ही संख्या मोठी वाटते, पण जगातील यंत्रांना ती पुरली नाही. जागतिक साठ्यातील शेवटचे गठ्ठे ३ फेब्रुवारी २०११ रोजी वाटले गेले. ही टंचाई येणार हे आधीच ओळखून १९९४ मध्ये काही पत्ते खाजगी वापरासाठी राखून ठेवण्यात आले होते. १० ने सुरू होणारे पत्ते, १७२.१६ ते १७२.३१ पर्यंतचे आणि १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते हे ते होत. लक्षावधी घरांत आज १९२.१६८.१.१ हा एकच पत्ता असलेली पेटी आहे आणि त्याने काही बिघडत नाही, कारण तो पत्ता घराबाहेर जातच नाही. राऊटर बाहेर जाताना आतला पत्ता काढून सेवा देणाऱ्या कंपनीकडून मिळालेला पत्ता लावतो. चेन्नईच्या दारावरील दोन क्रमांकांप्रमाणे येथेही दोन पत्ते आहेत. मात्र एक केवळ आतल्यांसाठी आणि दुसरा बाहेरच्या जगासाठी. टंचाईवरील कायमचा उपाय म्हणून आलेला आयपीची सहावी आवृत्ती हा फार लांब पत्ता भारतातील मोबाइल जाळ्यांत मोठ्या प्रमाणावर वापरला जातो, पण दुकानाच्या चार भिंतींत अजून चार संख्यांचेच राज्य आहे.

हे पत्ते सहसा कोणी हाताने लिहीत नाही. संगणक किंवा मोबाइल जाळ्यात शिरताच विचारतो, मला पत्ता कोण देईल? राऊटर त्याला त्या वेळी रिकामा असलेला पत्ता ठरावीक मुदतीसाठी देतो आणि सोबत मास्क, वेस व डीएनएसही सांगतो. १९९३ मध्ये आलेल्या या पद्धतीला डीएचसीपी म्हणतात. तिने सामान्य माणसाला पत्त्यांच्या कटकटीतून सोडवले, हे तिचे मोठे उपकार आहेत. राऊटरकडून काहीच उत्तर आले नाही, तर विंडोज संगणक स्वतःच एक तात्पुरता पत्ता धारण करतो. तो नेहमी १६९.२५४ ने सुरू होतो. हा पत्ता दिसला की समजावे, संगणकाने हाक मारली पण राऊटरपर्यंत ती गेली नाही किंवा राऊटरने ओ दिली नाही. अशा वेळी आधी तार, तिचे टोक आणि राऊटरवरील दिवे पाहावेत.

सौकारपेठेतील दुकानाकडे पुन्हा वळू. आदल्या दिवशी संध्याकाळी तेथे राऊटर बदलला होता. जुन्या पेटीचा पत्ता १९२.१६८.०.१ होता, नव्या पेटीचा १९२.१६८.१.१. पाच संगणक आपोआप पत्ता घेणारे होते. त्यांनी नव्या पेटीकडून नवे पत्ते मागून घेतले आणि काम सुरू ठेवले. सहाव्या संगणकाला छपाईयंत्र जोडलेले असल्यामुळे त्याचा पत्ता कोणीतरी पूर्वी हाताने १९२.१६८.०.१५ असा कायम करून ठेवला होता, म्हणजे इतरांना तो नेहमी एकाच ठिकाणी सापडावा. पेठच बदलून गेली आणि हे घर मात्र जुन्या पेठेच्या नावावर राहिले. आदल्या संध्याकाळी बाकीच्या संगणकांवरून छपाई होईना, तेव्हाच हे लक्षात यायला हवे होते. दुकानदाराने तेव्हा शाईचे नळकांडे बदलून पाहिले होते.

अशा वेळी शोध जवळून दूर असा घ्यावा. विंडोजच्या आज्ञापटलावर आयपीकॉन्फिग ही आज्ञा दिली की संगणकाचा पत्ता, मास्क आणि वेस दिसतात. तिच्यापुढे तिरपी रेघ व ऑल हा शब्द जोडल्यास डीएनएसही दिसतो. चालू असलेल्या शेजारच्या संगणकावर हीच आज्ञा देऊन दोन्ही उत्तरे शेजारी मांडली, तर पुष्कळदा दोष तेथेच सापडतो. येथे एकाच्या पत्त्यात तिसरी संख्या १ होती, दुसऱ्याच्या पत्त्यात ०. या फरकाकडे दुकानदाराचे लक्ष गेले, तेव्हा कंपनीला दुसऱ्यांदा दूरध्वनी करण्याचे कारण उरले नाही.

दुसरे साधन पिंग. माइक मूस यांनी १९८३ च्या डिसेंबरात ते तयार केले. पाणबुड्यांचा शोध घेणाऱ्या सोनार यंत्राच्या ध्वनीवरून त्याचे नाव ठेवले. काम तेच, साद घालायची आणि पडसाद येतो का ते पाहायचे. पहिली साद १२७.०.०.१ ला घालावी, तो यंत्राचा स्वतःशीच बोलण्याचा पत्ता आहे. मग वेशीला. मग बाहेरच्या एखाद्या ज्ञात पत्त्याला, गूगलचा ८.८.८.८ हा त्यासाठी सोयीचा. शेवटी एखाद्या संकेतस्थळाच्या नावाला. जेथपर्यंत पडसाद येतो तेथपर्यंतचा रस्ता शाबूत असतो. मात्र काही यंत्रे मुद्दामच अशा सादेला उत्तर देत नाहीत, म्हणून एका ठिकाणाहून पडसाद आला नाही एवढ्यावरून निर्णय करू नये.

दुकानदाराने जुन्या नोंदी आधी एका कागदावर उतरवून घेतल्या, हे त्याने शहाणपणाचे केले. मग पत्ता १९२.१६८.१.१५ आणि वेस १९२.१६८.१.१ अशी दुरुस्ती केली. वेशीने ओ दिली. ८.८.८.८ कडूनही पडसाद आला. तरी अर्जाचे पान उघडेना. घड्याळात दुपारचे चार वाजून गेले होते आणि मुलगी दाराकडे पाहू लागली होती. अशा क्षणी माणसे धीर सोडतात आणि दिसेल ते बटण दाबतात. राऊटरच्या मागील बारीक छिद्रात टाचणी घालून त्याला मूळ स्थितीत नेणे हा त्यांतील सर्वांत घातक उपाय. राऊटर बंद करून पुन्हा सुरू करण्याने काही दोष जातात, हे खरे. पण मूळ स्थितीत नेल्यास कंपनीने भरलेली माहितीही पुसली जाण्याची शक्यता असते आणि मग पाच चालू संगणकही बंद पडतात.

येथे लक्षण स्पष्ट होते. संख्येला पडसाद येतो, नावाला येत नाही. तेव्हा रस्ता नीट आहे, नाव सांगणारा चुकला आहे. डीएनएसच्या रकान्यात अजून जुन्या पेटीचा पत्ता, १९२.१६८.०.१, तसाच होता. जो दरवाजा राहिलेला नाही, त्यावर जाऊन संगणक प्रत्येक नाव विचारत होता. ती नोंद १९२.१६८.१.१ केली आणि पान उघडले.

हीच चूक फार मोठ्या प्रमाणावर घडली, तर काय होते, हे जगाने ४ ऑक्टोबर २०२१ रोजी पाहिले. भारतात रात्रीचे नऊ वाजून गेले असताना फेसबुक, व्हॉट्सॲप आणि इन्स्टाग्राम एकाच वेळी बंद पडले आणि सुमारे सहा तास बंद राहिले. देखभालीच्या कामात दिलेल्या एका चुकीच्या आज्ञेने त्या कंपनीच्या केंद्रांना परस्परांशी जोडणारे जाळे तुटले आणि तिच्या नावे सांगणाऱ्या यंत्रांकडे जाण्याचा रस्ता इंटरनेटच्या नकाशावरून नाहीसा झाला. यंत्रे चालूच होती. त्यांच्यापर्यंत कोणाला पोहोचता येत नव्हते. दुरुस्ती करणाऱ्या अभियंत्यांची नेहमीची साधनेही त्याच जाळ्यावर अवलंबून असल्याने ती सुद्धा निकामी झाली. त्या रात्री आपापल्या मोबाइलची सेटिंगे उलटसुलट करणाऱ्यांचे श्रम व्यर्थ होते.

चेन्नईकरांना याचा दुसरा अनुभव त्याआधीच आला होता. हे शहर समुद्राखालील केबलींचे मोठे बंदर आहे. २००२ मध्ये चेन्नई ते सिंगापूर अशी सुमारे ३,२०० किलोमीटरची केबल सुरू झाली. २०२० च्या ऑगस्टमध्ये येथूनच अंदमान व निकोबार बेटांना केबलने जोडण्यात आले. १२ डिसेंबर २०१६ रोजी वरदा हे चक्रीवादळ शहरावर आदळले, तेव्हा झाडे पडली, वीज गेली, दूरसंचार विस्कळीत झाला आणि इंटरनेट मंदावले. अशा दिवशी पिंगचा पडसाद वेशीपर्यंत येतो आणि पुढे थांबतो. पुढचा रस्ता आपल्या हातातील नसतो. वेशीच्या आतले आपण पाहावे, बाहेरचे कंपनीला कळवावे, आणि कळवताना पडसाद कोठपर्यंत आला तेही सांगावे. "नेट बंद आहे" या तक्रारीपेक्षा "राऊटर उत्तर देतो, बाहेरचा पत्ता उत्तर देत नाही" ही तक्रार लवकर तडीस जाते.

सौकारपेठेत अर्ज भरून झाला, शुल्कही भरले. अर्जाची प्रत सहाव्या संगणकावरून लगेच निघाली, कारण छपाईयंत्र त्यालाच जोडलेले होते. परंतु बाकीचे पाच संगणक छपाईसाठी अजून जुन्याच पत्त्यावर जात होते. त्या प्रत्येकावर छपाईयंत्राचा नवा पत्ता भरावा लागला. शिवाय आणखी एक धोका शिल्लक होता. नवा राऊटर २ ते २०० पर्यंतचे क्रमांक येईल त्याला वाटत होता आणि १५ हा क्रमांक त्या टप्प्यातच येत होता. एखाद्या गिऱ्हाइकाच्या मोबाइलला तोच पत्ता दिला गेला असता, तर एका क्रमांकाची दोन घरे झाली असती आणि कधी हे, कधी ते बंद पडले असते. म्हणून दुकानदाराने सहाव्या संगणकाला १९२.१६८.१.२१० हा वाटपाबाहेरचा क्रमांक दिला, पाचही संगणकांवर तो पुन्हा भरला आणि चारही नोंदी एका कागदावर लिहून तो कागद संगणकाच्या पाठीवर चिकटवला. जुन्या नोंदींचा कागद त्याने फाडला नाही. नव्या कागदाच्या खाली, जुना क्रमांक असे लिहून तोही लावून टाकला.